बाविसावं मिनिट

माझी मुलगी खोटारडी आहे असं पुण्याच्या एका माणसाने चारशे लोकांसमोर लिहिलं, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं असतं.

सुरुवातीपासून सांगतो. मी केरू शिगवण. पोफळीच्या वीजघरात चौतीस वर्षं ऑपरेटर होतो. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला आमच्या चिऱ्याच्या घरात येऊन राहिलो. घरात बायको गंगा आणि मुलगी नम्रता. मागे हापूसची पंचवीस कलमं. नम्रता तेवीस वर्षांची, कॉम्प्युटर शिकलेली, घरात बसून कुठल्या कुठल्या कंपन्यांची कामं करते. गेल्या वर्षी तिने एकेक भाग मागवून पडवीत बसून स्वतःच्या हाताने मोठा डेस्कटॉप जोडला. मी शेजारी पाट टाकून शेवटपर्यंत बघत होतो. एक स्क्रू उरला नाही. हे मी आजवर दहा जणांना तरी ऐकवलंय, तुम्ही अकरावे.

पण पुढे तिने जे सुरू केलं ते मला मुळीच पटलं नव्हतं. प्रोसेसर म्हणजे त्या यंत्राचा मेंदू. तो किती वेगाने चालवायचा ते कंपनी ठरवून देते. हिला तो त्याच्याही वर पळवायचा होता. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात म्हणे. मी म्हटलं, बाय, यंत्राच्या पाटीवर लिहिलेला आकडा आम्ही उभ्या जन्मात ओलांडला नाही. तर म्हणाली, बाबा, पाटीवरचा आकडा सगळ्यांत कच्चा नग धरून लिहितात. आपला नग किती पक्का आहे ते बघायला नको? मी चिडलो आणि बागेत निघून गेलो.

अशा हौशी लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. ते तक्ता ठेवतात. प्रोसेसर एकाच जातीचा, त्यावर साधा पंखा, पाण्याचा कूलर चालणार नाही. त्याच्यावर पूर्ण भार टाकायचा आणि अर्धा तास न थांबता चालवून दाखवायचा. ज्याचा वेग जास्त तो वर. जानेवारीत नम्रताने ५.४ गिगाहर्ट्झवर अर्धा तास काढला. कंपनीने तो ४.९ ला सोडला होता. तक्त्यात आमच्या पोरीचं नाव पहिलं, देशात पहिलं. आकड्यातलं मला काही कळत नव्हतं, पण पहिला नंबर कळतो. मी बाजारात गेलो आणि पेढे घेऊन आलो. गंगा म्हणाली, काल तर पोरीला वेडी म्हणत होतात. मी म्हटलं, काल काल होता.

मेमध्ये तक्रार आली. दुसऱ्या नंबरवर हर्षद नावाचा पुण्याचा गृहस्थ होता. त्याने लिहिलं की हा प्रोसेसर साध्या पंख्यावर ५.४ ला अर्धा तास टिकूच शकत नाही, रत्नागिरीच्या हवेत तर नाहीच. पुरावा म्हणून नुसता एक फोटो आहे आणि फोटो कोणीही बनवतं. नम्रताकडे खरंच फोटोच होता. तक्ता सांभाळणारी तेजस्वी म्हणून नागपूरची बाई, तिने निकाल दिला: रविवारी सकाळी अकराला सगळ्यांसमोर कॅमेऱ्यावर पुन्हा करून दाखवा. नाही जमलं तर नोंद काढणार आणि नावापुढे 'खोटी नोंद' असं कायमचं लिहिणार.

च्यायला, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हर्षदला फोन लावतो म्हणालो. नम्रता हसली. "बाबा, त्याचं काही चुकलं नाही. मीही विचारलं असतं. रविवारी दाखवते, त्यात काय?" आणि सोमवारी दुपारी रंगीत तालीम म्हणून तिने ५.४ लावलं. नवव्या मिनिटाला पडदा निळा झाला आणि सगळं बंद.

पुन्हा लावलं. पुन्हा नववं मिनिट. मग तिची जी धांदल सुरू झाली ती बघून मला राहवेना. व्होल्टेज वाढवलं, मेमरीचा वेग उतरवला, पंख्याचा वेग बदलला, सगळं एका दमात. एकदा पाचव्या मिनिटाला बंद, एकदा अकराव्या. का, ते तिलाही सांगता येईना. मी दारातूनच आवाज चढवला. एका वेळी तीन चाव्या फिरवल्यावर कुठल्या चावीने काय झालं ते तुला कोण सांगणार, तुझा आजा? आमच्या पाळीत कोणी असं केलं असतं तर मी त्याला पॅनेलजवळ फिरकू दिलं नसतं.

तिचे डोळे भरले. मग मलाच कसंतरी झालं. मी कपाटातून जुनी वही काढली, पट्टी घेतली आणि तिला लॉगशीट आखून दिली, आम्ही दर तासाला भरायचो तशी. वेळ, वेग, व्होल्टेज, प्रोसेसरचं तापमान, पंखा आणि शेवटी किती मिनिटांनी बंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहिल्याशिवाय पुढच्या गोष्टीला हात लावायचा नाही. पेन्सिलीने लिहायचं, पण खोडायचं नाही.

मंगळवार व्होल्टेजमध्ये गेला. कमी केलं की तिसऱ्या मिनिटाला निळा पडदा, जास्त केलं की प्रोसेसर तापतो आणि सहाव्या मिनिटाला बंद. म्हणजे आधी होतं तेच बरोबर. बुधवारी मेमरी साध्या वेगावर आणली. नववं मिनिट. म्हणजे मेमरी निर्दोष. गुरुवारी प्रोसेसरवरचा पंखा उतरवून खालचा, उष्णता वाहून नेणारा लेप पुसून नवा लावला. पुन्हा नववं मिनिट. दुपारी राजिवड्याहून तिची कॉलेजची मैत्रीण महरीन स्कूटरवरून आली, स्वतःच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उपटून पिशवीतून घेऊन. तो लावला. नववं मिनिट. एक मात्र लक्षात आलं. नववं मिनिट आलं त्या प्रत्येक वेळी प्रोसेसर ९५ अंशांवर गेला की मिनिटाभरात बंद पडत होता. जानेवारीच्या फोटोत अर्ध्या तासानंतरही ९१ दिसत होते.

शुक्रवारी पोरगी जेवेना. गंगाने आमटी वाढली, ती तशीच. मी म्हटलं काय झालं. तर खाली बघत म्हणाली, "बाबा, मलाच आता वाटायला लागलंय की जानेवारीत मी काहीतरी चुकीचं वाचलं. तो माणूस खरं बोलत असेल."

मी ताट सरकवलं. लोकांनी खोटं म्हटलं तर भांडता येतं हो. पोर स्वतःलाच खोटी म्हणायला लागली तर बापाने कोणाशी भांडायचं?

दुपारी ती मागच्या खोलीत पुन्हा भार टाकून बसली. मी तिथेच अढी बघायला गेलो. आमच्याकडे मागची खोली म्हणजे आंब्याची. पेंढा अंथरायचा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा, असे थर लावायचे. खिडक्या लावून घ्यायच्या, दाराखाली गोणपाट सारायचं, ऊब धरून ठेवायची, म्हणजे फळ सारखं पिकतं. दरवर्षीचं काम आहे, डोळे मिटून करतो. पूर्वी त्या खोलीत आंब्यांशिवाय कोणी नसायचं. या वर्षी धूळ नको, खारा वारा नको म्हणून पोरीने टेबल तिथेच मांडलं होतं, आणि मी नेहमीसारखी अढी घातली होती. यंत्र जमिनीवर, अढीला जवळजवळ टेकून.

मी पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातला. आत चांगली ऊब होती. अढी मस्त धरली म्हणून मी खूश झालो. तेवढ्यात दुसरा हात यंत्राच्या पुढच्या जाळीवर गेला, जिथून ते हवा आत ओढतं. तीच ऊब. पेंढ्यातली ऊब ते यंत्र घटाघटा पीत होतं.

मी उठलो, माजघरातून काचेचा थर्मामीटर आणला आणि टेबलाच्या पायाला टांगला. सदतीस. बाहेर ओटीवर नेला. चौतीस. खोलीत घाम यायचा, पण मेमध्ये घाम कुठे येत नाही? कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

लाज वाटली, खरं सांगतो. वीजघरात लॉगशीटचा पहिला रकाना कसला असतो? हॉलचं तापमान. बाहेरची हवा किती, थंड करणारं पाणी किती, हे आधी, मग यंत्र. चौतीस वर्षं मी तो रकाना भरला आणि घरी पोरीला लॉगशीट आखून देताना तोच विसरलो. का विसरलो? कारण हे घर होतं आणि आंबे माझे होते.

नम्रताला सांगितलं. म्हटलं, बाय, चूक तुझी नाही, चिपची नाही, माझी आहे. मला वाटलं ती चिडेल. ती इतकी हसली की गंगा हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. काय झालं ते कळल्यावर गंगाही हसायला लागली. म्हणाली, एवढा मोठा ऑपरेटर, आणि पोरीला आंब्यांबरोबर पिकत घातलान. 

यंत्र ओटीवर आणलं. लॉगशीटला पहिला रकाना जोडला, लाल पेन्सिलीने. तिथे त्याच दुपारी, चौतीस अंशांना, ५.४ वर सतरा मिनिटं निघाली. नऊची सतरा झाली म्हणून मी टाळी वाजवली. नम्रताने वाजवली नाही. अर्धा तास हवा होता. शनिवारी सकाळी साडेसहाला, ओटीवर तीस अंश असताना, सत्तावीस मिनिटं. तिथेही बंद. हवामान खात्याच्या नोंदीत जानेवारीतल्या त्या सकाळी चोवीस होते, तेव्हा पार झालं होतं. पण मेमध्ये चोवीस आणायचे कुठून? ५.३ वर मात्र भर दुपारीही अर्धा तास बिनघोर गेला.

शनिवारी महरीन पुन्हा आली आणि तिने तोड सांगितली. तिच्या भावाचा मिरकरवाड्याला बर्फाचा कारखाना आहे. तिथे एक खोली बाराही महिने गार असते. यंत्र तिथे नेऊ, कॅमेरा लावू, ५.४ अर्धा तास हसत जाईल. नियमात पंखा साधा हवा एवढंच होतं, खोलीबद्दल अवाक्षर नव्हतं. मी म्हटलं, शाब्बास महरीन, आणि टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला लागलो.

नम्रता म्हणाली, नको.

मी तापलो. नियमात बसतंय तर नको का? उद्या नावापुढे काळं लागेल, ते चालेल? ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मग तो आकडा बर्फाचा झाला. मला विचारतील, घरी किती चालतो, तेव्हा काय सांगू?"

मी आपटत बागेत गेलो. कलमाखाली अर्धा तास उभा राहिलो. राग आला होता, खूप आला होता, पण पोरीचा नाही. तिचं बरोबर होतं आणि मी टेम्पो शोधत होतो, याचा आला होता.

रविवारी अकराला ओटीवर सगळी मांडामांड. महरीनने फोनचा कॅमेरा असा लावला की पडदाही दिसावा आणि थर्मामीटरही. वरचा पंखा बंद. बत्तीस अंश. गटातले साठ-सत्तर लोक बघायला आले होते. तेजस्वीबाईंचा आवाज करडा, पण सरळ. हर्षदचा चेहरा दिसत होता, चांगला मुलगा वाटला, त्यामुळे मला अजूनच राग आला.

नम्रताने आधी ५.३ लावलं. अर्धा तास गेला, यंत्र हललं नाही. तेजस्वीबाई म्हणाल्या, ५.३ ची नोंद मान्य, तिसरा क्रमांक. मग म्हणाल्या, पण प्रश्न ५.४ चा होता. म्हणजे जानेवारीची नोंद काढायची ना?

"थांबा," नम्रता म्हणाली. तिने लॉगशीट कॅमेऱ्यासमोर धरली. माझ्या हाताने आखलेली, आंब्याच्या चिकाचा डाग पडलेली. एकेक ओळ वाचून दाखवली. सदतीस अंशांना नऊ मिनिटं. चौतीसला सतरा. तीसला सत्तावीस. खोली जेवढी गार तेवढा तो जास्त टिकतो, आणि त्या हिशेबाने जानेवारीतल्या चोवीसला अर्धा तास पार होतोच. सदतीस अंश कुठून आले तेही तिने सांगितलं, अढीसकट. सत्तर लोकांसमोर. मी खुर्ची मागे सरकवली.

मग ती म्हणाली, "आता मी ५.४ लावते. बत्तीस अंशांना मी आजवर कधी चालवलेला नाही. तो बंद पडणार आहे. बाविसाव्या मिनिटाला. त्याच्या एक मिनिट इकडे किंवा तिकडे. तसं झालं नाही तर माझ्या नावापुढे खुशाल 'खोटी नोंद' लिहा."

हे तिने मला सांगितलं नव्हतं. गंगाला नाही, महरीनलाही नाही.

यंत्र सुरू झालं. दहा मिनिटं गेली. पंधरा झाली. मी चौतीस वर्षांच्या नोकरीत देवाला एकच मागितलं होतं, माझ्या पाळीत यंत्र बंद पडू देऊ नकोस. आणि आता घामाघूम होऊन मनात म्हणत होतो, पड रे बाबा, वेळेवर पड.

अठराव्या मिनिटाला दाराचा पडदा हलला. दुपार व्हायला आली की आमच्याकडे समुद्रावरून वारा सुटतो, रोज सुटतो, आम्ही त्याची वाट बघतो. त्या दिवशी मात्र तो नको होता. ओटी गार झाली तर यंत्र चोवीस, पंचवीस मिनिटं टिकणार आणि पोरीचा शब्द जाणार. मी उडी मारली, दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो. खिडकी महरीनने धरली. आतून गंगाने विचारलं, एवढ्या उकाड्यात दार कशाला लावलंत? मी तिच्याकडे असं बघितलं की ती बाहेर येऊन भिंतीला टेकून बघायला लागली. थर्मामीटर बत्तीसवरच होता. नम्रताने मागे वळून बघितलंही नाही.

वीस मिनिटं. प्रोसेसर ९४. एकवीस. पडद्यावरचे आकडे पळत होते आणि ते इतके ताठ पळत होते की मला वाटलं, मेला आज पहिल्यांदाच हट्टाला पेटणार. ९५ झाले.  बाविसावं मिनिट लागलं. दहा सेकंद, वीस, तीस.

पडदा निळा झाला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, महरीन सांगते की ते सांगण्यासारखं नव्हतं. फोनमधून हसण्याचे, बोलण्याचे आवाज एकदम आले. तेजस्वीबाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, जानेवारीची नोंद कायम, पहिला क्रमांक कायम, आणि यापुढे प्रत्येकाने खोलीचं तापमान लिहायचं. हर्षद म्हणाला, माझी शंका मी मागे घेतो, आणि ते पान मला पाठवाल का? नम्रता हो म्हणाली. एवढंच. ना टोमणा, ना हसू. मी तिच्या जागी असतो तर पुढची दहा मिनिटं त्याला सोडला नसता, पण ती माझ्यापेक्षा मोठी आहे, हे मला तेव्हा कळलं आणि मी ते तिथेच सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं.

फोन बंद झाला. नम्रताने यंत्र पुन्हा सुरू करायला हात पुढे केला. मी तिचा हात धरला.

"थांब बाय, राहू दे तसाच जरा."

गंगा पदराने तोंड पुसत जवळ आली, निळ्या पडद्याकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, "बंद पडला?"

"पडला," मी म्हटलं. "आपल्या पोरीने सांगितलं त्या मिनिटाला पडला."